आवणीच्या दिवशीची सही

नाशिक कारागृह
ता. १२ जानेवारी २००४

ती. सौ. लंकाताईस, दिनेशचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मी बरा आहे, असं लिहायची पद्धत म्हणून लिहितो. काल सरकारने दिलेल्या वकीलबाई भेटल्या. सटाण्याहून कांदा भरताना ओळखीच्या माणसाच्या दोन गोण्या मी न उघडता टेम्पोत घेतल्या, त्यात गांजा निघाला. या कलमाला कमीत कमी दहा वर्षं आहेत आणि जामीनही होत नाही, असं त्या म्हणाल्या. मी सुटेन तेव्हा माझी आईवेगळी पूजा तुझ्या घरून सासरी गेलेली असेल.

मग त्यांनी पंचनामा वाचला. दुपारी चार वाजता घोटीच्या नाक्यावर पंचांसमोर गोण्या उघडल्या, वजन केलं, सील केलं म्हणे. ताई, हे साफ खोटं आहे. गोण्या नाक्यावर उघडल्याच नाहीत, ठाण्यात नेऊन उघडल्या. आणि पंच कोण, तर जयराम पुंजाराम, राहणार घोटी. आपले दाजी! त्यांना सह्यांची हौस, लग्नपत्रिका दिली तरी सही करून परत देतील, असं मी चिडवायचो ना? दुसरा पंच सापडत नाही. आपण तिथं नव्हतो, एवढंच खरं दाजींनी कोर्टात सांगितलं तर मी वाचेन. पाया पडतो, त्यांना समजाव.

तुझ्या मायेवर तग धरलेला,
दिनेश

घोटी
ता. २५ जानेवारी २००४

चि. दिनेशला ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आषाढात तुला धरलं त्या दिवशी आपल्या खाचरात भाताची आवणी होती. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हे माझ्या शेजारी वाकून रोपं लावत होते. घरी आलो तर हवालदार कागद घेऊन दारात. ग्रामपंचायतीचे माजी सदस्य म्हणून पंच हवा की सगळे यांच्याकडेच येतात. चिखलाचे हात धुऊन यांनी न वाचता सही ठोकली. पेन मीच आणून दिला रे, वर चहाही केला. तुला धरल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. यांनी तेव्हाच ओळखलं असणार, पण मला बोलले नाहीत.

आता उलटलो तर मलाच आत टाकतील, असं म्हणतात. मी पिच्छा सोडणार नाही. पूजा खुशाल आहे, तुझ्यासारखीच भांडखोर.

जिवाला जप, हे मागणं.
तुझी ताई

अंबड
ता. १९ नोव्हेंबर २००४

चि. दिनेशला आशीर्वाद.

काल कोर्टात तूही ऐकलंस. सकाळी देवापुढे खरं सांगायला कबूल झालेला माणूस पिंजऱ्यात उभा राहिला आणि माल माझ्यासमोरच उघडला म्हणाला. तू मान खाली घातलीस, ते मला बघवलं नाही. परतीच्या एसटीत ते शेजारी बसले, तशी मी उठून उभी राहिले.

आज वकीलबाईंकडे एकटी गेले. आरोपीच्या बाजूनेही साक्षीदार देता येतो, असं त्या म्हणाल्या. मी माझं नाव दिलं. सख्ख्या बहिणीचं कोर्ट मानेलच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. न मानो. चार वाजता माझा नवरा माझ्या शेजारी चिखलात होता, हे मी त्यांच्या तोंडावर सांगणार आहे.

पूजाला घेऊन मी चुलतबहीण संध्याकडे आले आहे. यापुढे घोटीच्या पत्त्यावर पत्र टाकू नकोस.

तुझी,
लंकाताई