मार्शमेलोच्या जागी

प्रिय ताई,

परवा फोनवर "सुधर आता, घोड्या" म्हणालीस आणि ठेवूनच दिलास. म्हणून लिहायला बसलोय. मी बोलायला लागलो की तुला वाटतं, आला हा गंडवायला. पण लिहून मी आजवर कुणाला गंडवलेलं नाही, एवढी मेहनत कोण करणार!

दुकानात मार्शमेलो मिळायचे नाहीत तेव्हा आई काय करायची, आठवतं? गरम पाण्यावर भांडं ठेवून अंड्याचं पांढरं आणि साखर फेटत बसायची. मग आपली पाळी, हात भरून येईपर्यंत. शेवटी असं चकचकीत क्रीम व्हायचं की भांडं उलटं धरलं तरी पडायचं नाही. मी ते तुझ्या डोक्यावर धरून बघायचो. एकदा पडलं, ते सोड. फजच्या वड्यांमध्ये तेच, बिस्किटांच्या केकवर तेच. अंडी नसली तर जिलेटिन, जिलेटिन नसलं तर घट्ट साय आणि पिठीसाखर. "एक वस्तू नाही म्हणून गोड अडत नाही," म्हणायची. आख्खी गल्ली विचारायला यायची, काकू, याच्या जागी काय घालू? तिथेच गोची झालीय बघ. आईने कशाच्याही जागी काहीही घातलं तरी कुणाला शंकाच येत नाही.

मामाच्या वाढदिवसाच्या फजचं तू ऐकलं असशीलच. मामाच्या तोंडाला फेस आला, मामी किंचाळली आणि सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. क्रीममध्ये भांड्यांचा साबण होता. बाबांनी पाहुण्यांसमोर कानाखाली काढली. खरं सांगू? आधी मला कौतुकच वाटलं, घरात माझ्यापेक्षा वरचढ कोण निघालं म्हणून. मग आईकडे बघितलं. तीही माझ्याकडेच बघत होती. "असं का केलंस रे?" म्हणाली. नाटक नव्हतं ताई, तिला खरंच वाटत होतं की मीच केलं. माझ्या नावावर एवढं जमा आहे, त्यात अजून एक.

तेव्हापासून मी तिच्यावर डोळा ठेवून आहे. एकदा जिलेटिनच्या जागी कपड्यांची खळ भिजवली होती. ते चाललं असतं एक वेळ, फार तर पोटातून कडक इस्त्री झालो असतो. पण एका दुपारी ती सिंकखालची मुंग्या मारायची पावडर चाळणीतून चाळत होती, पिठीसाखर चाळतात तशी. गुणगुणत. मी "झुरळ!" म्हणून बोंबललो आणि आख्खं भांडं सिंकमध्ये उपडं केलं. आता घरात सारखा माझा धक्का लागतो, सारखं काहीतरी सांडतं. कार्ट्याला ऊत आलाय, म्हणतात बाबा. पावडर मी फेकून दिली, फरशी पुसायचं औषध माझ्या पलंगाखाली लपवलंय. बाबांना सांगून पाहिलं. "स्वतःचे उद्योग आता आईवर ढकलतोस? लाज आहे का?" झालं, संपला विषय.

काल गॅरेजमधून जेवायला आलो तर आईने साखळी लावूनच दार उघडलं. फटीतून म्हणाली, "कोण हवंय तुम्हाला?" तुम्हाला, ताई! मी हसलो. मग तीही हसली, साखळी काढत म्हणाली, "कशी केली तुझी फजिती!" मी जन्मभर लोकांची फजितीच करत आलोय. फजिती करणाऱ्याच्या डोळ्यात आधीपासून गुदगुल्या असतात. आईचे डोळे माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते.

सोमवारपासून तुझ्या पिल्लाला, आपल्या बटणला, आईकडे ठेवून तू कामावर जाणार, असं बाबा म्हणाले. नको ठेवूस. पाया पडतो. तू ये, पण एकटी ये. आईला डॉक्टरकडे नेऊ, बाबा माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. सोबतचा डबा आईनेच पाठवायला दिला, झाकणावर तिच्याच अक्षरात "बटणला" लिहिलंय. आतला फज मी दुकानातून आणून भरलाय, बिनधास्त दे. आईने केलेला मी माझ्या खिडकीत उघडा ठेवलाय, तुला दाखवायला. या वेळी कशाच्या जागी काय घातलंय, मला ओळखता आलेलं नाही. पण आपल्याकडे साखरेचा दाणा सांडला तरी रांग लागते ना? परवापासून त्या फजजवळ एकही मुंगी फिरकलेली नाही.

तुझाच, आणि या वेळी खरं बोलणारा,
घोड्या