कागदाची चिमणी

प्रिय वन्सं,

हे पत्र टाकायची माझी हिंमत होणार नाही, म्हणूनच खरं लिहिते.

तुम्ही पाठवलेले रंगीत कागद संपत आले. घरभर चिमण्या झाल्यात. खिडकीत, टीव्हीवर, ह्यांच्या औषधांच्या डब्यावरसुद्धा. फोनवर तुम्ही म्हणालात, "बरं झालं, तुझ्याही जिवाला विरंगुळा." मी नुसतं हो म्हटलं.

ह्यांना हृदयाचा झटका आला तेव्हा ह्यांनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की मला फोनपर्यंत जाता येईना. शेवटी मी एकेक बोट उचकटून हात सोडवला. डॉक्टर म्हणतात, वेळेवर फोन केलात म्हणून वाचले. जो तो माझं कौतुक करतो. पण बोटं सोडवताना हे माझ्याकडे कसे बघत होते, ते मला एकटीलाच माहीत आहे. ही मला टाकून चालली, असंच वाटलं असणार.

आता घरात हिंडतात-फिरतात, माझ्या कलेला नावं ठेवतात. "ही चिमणी आहे की बटाटा?" मी हसते, पण मला त्यांचा हात हातात घेववत नाही. म्हणून घड्या घालत बसते. हात कामात असले की कोणी मागत नाही.

काल चहा घेताना त्यांनी माझ्यापुढे तळहात पसरला. मी त्यावर चिमणी ठेवली.

ती चुरगळू नये म्हणून, वन्सं, चहा पार गार झाला तरी त्यांनी मूठ मिटली नाही.

तुमच्या भावाची,
बायको