वैऱ्याच्या तंबूतलं जेवण

अण्णा, काल लेकीने तुमची गोष्ट मला वाचून दाखवली. नववीच्या होमवर्कला तिला ते जुनं ग्रीक महाकाव्य आहे. इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला, जेवणाच्या टेबलाशी बसून ती म्हणाली, "बाबा, हे सो वीअर्ड आहे. दॅट मॅन किल्ड हिज सन, आणि दोघं एकत्र डिनर करतायत?" भाजी वाढता वाढता माझा हात थांबला.

ही गोष्ट तुम्ही रविवारी मटार सोलत सांगायचात. वर देव बसून युद्ध बघतायत. त्यांना मरण नाही, म्हणून त्यांची भांडणं पोरकट. त्याच कवीच्या दुसऱ्या काव्यातला एकडोळ्या राक्षस दारी आलेल्यांना जेवू घालायचं सोडून त्यांनाच खातो. राक्षस ओळखायचा तो असा, तुम्ही म्हणायचात. आणि म्हातारा राजा वैऱ्याच्या तंबूत जातो, ज्या हातांनी मुलगा मारला त्यांचं चुंबन घेतो, मुलाचा देह मागतो. दोघंही रडतात, मग जेवायला बसतात. इथे तुमचा आवाज दरवेळी खाली यायचा, शेंगा तशाच राहायच्या.

दादा गेला तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. त्याला उडवणारा टेम्पोवाला तिसऱ्या दिवशी जामिनावर सुटला आणि थेट आपल्या दारात येऊन उभा राहिला. सुतकाच्या घरी बाहेरचं कुणी पाणीही घेत नाही. तुम्ही मात्र त्याला आत घेतलंत आणि शेजारच्या काकूंनी आणलेला पिठलं-भात दोन ताटांत वाढलात. "जेव," म्हणालात, "तूही काही खाल्लेलं दिसत नाही." तो घास हातात धरून रडत होता. तुम्ही तीन दिवसांत पहिल्यांदा जेवलात. मी सगळ्यांदेखत तुम्हाला भेकड म्हणालो. तुम्ही एवढंच म्हणालात, "हळू बोल. तो जेवतोय." मी न जेवताच बाहेर निघून गेलो.

तो राग घेऊनच मी इतक्या लांब आलो. तुम्ही गेलात तरी तो गेला नाही. काल लेकीला समजावायला लागलो आणि मला ते पहिल्यांदा दिसलं. राजाला निदान मुलाचा देह हवा होता. तुम्हाला त्या माणसाकडून काहीच मिळायचं नव्हतं. एवढं काळीज त्या काव्यातल्या देवांकडेही नाही, अण्णा, आणि ते आपल्या दोन खोल्यांत माझ्यासमोर मांडी घालून बसलं होतं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, तरी एक सांगून टाकतो. लेकीला मी तुमची सगळी हकिकत सांगितली. मग तिने विचारलं, "अँड यू? तू पण जेवलास त्यांच्यासोबत?"

मी हो म्हणालो.