कुणाची सोय

गुरुजी,

मी हल्ली इंग्रजी शिकवतो. आधी हसून घ्या. दर शनिवारी दुपारी चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मी फळ्यापुढे उभा राहतो आणि भोसरीच्या वर्कशॉपवाल्यांकडून टर्मिनेशन, लायबिलिटी, इंडेम्निटी असले शब्द घोकून घेतो. संस्कृतात एम. ए. झालेल्याला कुणी उभं करीना, म्हणून या कंपनीच्या खरेदी विभागात कारकून म्हणून चिकटलो आणि केस पिकेपर्यंत तिथेच वर सरकत राहिलो. पूर्वी आम्हाला माल देणारे एका पानाच्या ऑर्डरवर काम करायचे. आता जाडजूड इंग्रजी करार आलाय, आणि माणसं तो न वाचताच सह्या करतात हे कुणीतरी वरच्या साहेबांच्या लक्षात आणून दिलं. म्हणून हा वर्ग. शिकवायला मी का, तर ‘तुमचं संस्कृत झालंय, तुम्हाला भाषा येतात.’

पद्धत तुमचीच वापरतो. आधी पाठ, मग अर्थ. पन्नाशीची माणसं, नखांत ग्रीस, एका सुरात ‘इंडेम्निटी’ म्हणतात तेव्हा आळंदीची आपली पाठशाळा आठवते; तिथे वड्याच्या तेलाचा वास तेवढा नव्हता. अर्धी शेती, अर्धं वर्कशॉप करणारे एक जण मला म्हणाले, ‘सर, सही करताना हे म्हणून दाखवावं लागतंय व्हय?’ त्यांच्या शेजारी बसणाऱ्या, प्रेस मशीन चालवणाऱ्या चाचांनी विचारलं, ‘इंडेम्निटी म्हणजे जामीनकी का?’ मी म्हटलं, जवळपास. ‘मग जामीनकीच लिहा की राव. वाचून भीती तरी वाटंल.’ सगळे हसले. मीही हसलो आणि फळ्यावर ‘जामीनकी’ लिहिलं. तुमचा विद्यार्थी इंग्रजीचा अर्थ फारसीतून सांगतो हे पाहून तुम्ही चष्मा कपाळावर ढकलला असता.

या वर्गात तुमची मुलगी येते. भोसरीत भाड्याच्या गाळ्यात तिचं आणि जावयांचं वर्कशॉप आहे. जावई मशीनवर असतात, कागद ती सांभाळते. आमची कंपनी बनवते त्या गाडीत लागणारा एक ब्रॅकेट, सुटा भाग जागी धरणारा लोखंडी तुकडा, ते बनवतात, आणि त्यांचं निम्म्याहून जास्त काम तेच आहे. पहिल्या दिवशी सगळे मला सर म्हणत होते, ती मागच्या बाकावरून म्हणाली, ‘दादा, ओळखलं का?’ मग शेजारच्यांना सांगत सुटली, ‘हे आमच्या घरचेच. गुरुवारी यांचा वार असायचा आमच्याकडे.’ गरीब विद्यार्थ्यानं आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवायचं, ही गोष्ट कंपनीत मी कुणाला सांगितलेली नाही. चाचांनी विचारलं, ‘जेवण कसं असायचं?’ ती म्हणाली, ‘आईला विचारा, आमटीचं पातेलं रिकामं करायचे.’ ते मात्र खरं आहे.

असाच एक गुरुवार आठवतो. तुमच्या स्वयंपाकघरात मी जेवायला बसलोय, काकू भात वाढतायत, आणि दारात शेजारची बाई उभी आहे. तिच्या मुलाची मुंज ठरली होती. विधीच्या कागदावरची एक ओळ तिनं पुढे केली आणि अर्थ विचारला. तुम्ही मला म्हणालात, सांग. मी संधी सोडवले, समास फोडले, एकही चूक केली नाही. ती ‘बरं’ म्हणून गेली. मी शाबासकीची वाट बघत होतो. तुम्ही म्हणालात, ‘ती शब्द विचारायला आली नव्हती. तिचा नवरा गेलाय. मुलाच्या शेजारी आपल्याला बसता येईल का, एवढंच तिला विचारायचं होतं. ऊठ. तिला गाठ आणि सांग, बसायचं.’ मी हात धुतला न धुतला आणि गल्लीतून पळत गेलो. परत आल्यावर काकूंनी भात पुन्हा गरम करून वाढला. ती बाई मुंजीला मुलाशेजारी बसेल, याची काळजी तुम्हीच घेतलीत.

गेल्या शनिवारी वर्ग सुटल्यावर तुमची मुलगी करार घेऊन टेबलाशी आली. ‘टर्मिनेशन फॉर कन्व्हीनियन्स’ या शब्दांवर बोट ठेवून म्हणाली, ‘दादा, कन्व्हीनियन्स म्हणजे सोय ना? मग ही सोय कुणाची?’ मी सांगितलं, कंपनी कारण न देता, ठरल्या मुदतीची नोटीस देऊन करार संपवू शकते, असा त्याचा अर्थ. ‘म्हणजे काढून टाकतील?’ मी म्हटलं, ‘सगळ्याच करारांत असतं गं ते.’ यातला एकही शब्द खोटा नाही. ती म्हणाली, ‘मग झालं. आम्ही शेजारचा गाळा घेतोय, आणखी एक मशीन टाकतोय. आळंदीचं बाबांचं घर बँकेकडे तारण ठेवायचंय, म्हणून म्हटलं एकदा तुम्हाला विचारावं. यांना कुठं इंग्रजी कळतंय.’

गुरुजी, तो ब्रॅकेट पुढच्या मॉडेलमध्ये नाहीच. दिवाळीनंतर त्याची ऑर्डर बंद होणार, आणि ज्या मीटिंगमध्ये हे ठरलं त्या मीटिंगला मी होतो. चहाचा दुसरा कप घेताना ठरलं. बाहेर बोललो तर माझी नोकरी जाते. माझ्या नेमणुकीच्या करारात कॉन्फिडेन्शियालिटीचं कलम आहे. तो शब्दही मी वर्गात शिकवलाय. गुप्तता, असा अर्थ सांगितला होता. सोपा शब्द म्हणून कुणी काही विचारलं नाही. आणि मुलगा ताथवड्याला इंजिनिअरिंगला आहे, त्याची फी आहे, फ्लॅटचे हप्ते आहेत, हे सगळं मी त्या दिवशी तिच्या समोर उभा असतानाच मनात म्हणून घेतलं, तेही न अडखळता. शब्दार्थ सांगितला आणि तात्पर्य गिळलं. टीका लिहिणाऱ्या कुठल्या पंडितानं असं केलं असतं तर तुम्ही त्याची पोथी मिटून ठेवली असती.

आठवडाभर मी तिला फोन करायचं ठरवत होतो. ऑफिसात माणसं असायची, घरी बायको असायची, गाडीत ट्रॅफिक असायचा. आज सकाळी कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडी लावून शेवटी फोन केला. घराचे कागद देऊ नकोस, एवढंच बोलायचं, कारण सांगायचं नाही, असं ठरवलं होतं. तिनं पहिल्या घंटेलाच उचलला. मागे मशीनचा आवाज होता. ‘दादा, मीच करणार होते तुम्हाला. काल बँकेचं झालं सगळं. उद्या वर्गात पेढे आणते.’ मी अभिनंदन म्हणालो. ती म्हणाली, ‘तुमचं काय काम होतं?’ मी म्हटलं, ‘काही नाही, उद्याचा वर्ग अर्धा तास लवकर आहे, तेवढं सांगायचं होतं.’ फोन ठेवला आणि ते खरं करण्यासाठी सगळ्यांना तसा मेसेज पाठवला. चाचांनी लगेच अंगठा पाठवला.

तुम्हाला हे लिहितोय, कारण तुम्ही गेलात, आता मला ऊठ म्हणू शकत नाही. तिला लिहायला हवं होतं, अजूनही हवं. दिवाळीला अवकाश आहे, दुसरीकडे काम शोधायला तिला तेवढा वेळ तरी मिळेल. तिचा नंबर आहे, पत्ता आहे, गाळा कुठल्या गल्लीत आहे तेही मला ठाऊक आहे.

आणि एक सांगायचं राहिलं. बँकेचं काल झालं असं ती म्हणाली, तेव्हा सगळ्यात आधी मला हायसं वाटलं, की आता सांगायला नको.