निळी बार्ज

४ एप्रिल, धुळे
आप्पा नेमके कुठे उभे होते? आईने फोनवर पुन्हा विचारलं. मला पुन्हा सांगता आलं नाही. गेल्या पावसाळ्यात बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू बोटीवर, वेल्डिंग करताना वाऱ्याने समुद्रात गेले, सापडले नाहीत. एवढंच माहीत.
यंदाची आखाजी, अक्षय्य तृतीया, त्यांच्यानंतरची पहिली. काका म्हणतात, गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरायलाच हवी. आई म्हणते, "माले ती जागा दखाड. मंग भरसू."
घरात शिकलेली मीच, कॅमेरा माझ्याकडे. जाणं माझंच. लग्नसराईत सुट्टी मागितली म्हणून स्टुडिओचे मालक कुरकुरले. दिली मात्र.

११ एप्रिल, गुजरातचा किनारा
कॅमेऱ्याचा स्टँड उभा राहत नाही इतका वारा. आप्पांचे कामावरचे जोडीदार सलीमचाचा सोबत. त्यांनी वाळूची पिशवी स्टँडला बांधून दिली. लेन्सवर सारखं मीठ. क्रेन, धक्का, तोडायला आणलेली गंजलेली जहाजं. एवढं लोखंड एका जागी कधी पाहिलं नव्हतं. ते सुंदर दिसलं, आणि त्याची लाज वाटली.
आप्पांची बार्ज कोणती, विचारलं. चाचांनी वाळूच्या पिशवीची गाठ पुन्हा आवळली. मग, "वो तो कट गई, बेटी. पिछले महीने. मैंने भी काटी."
समुद्रात कुठे, तेही त्यांना सांगता येईना. हात एकदा समोर, एकदा उजवीकडे.
तरी दिवसभर फोटो काढत राहिले. शेवटी एक निळी बार्ज, कठडा वाकलेला. उजेड चांगला होता म्हणून. दुसरं काही नाही.

१४ एप्रिल, घरी
आईने फोटो ओट्यावर पसरले. निळ्या बार्जवर येऊन थांबली. "हाईच ना?" वाकलेल्या कठड्यावर बोट. "आठूनच गयात."
मी हो म्हटलं.
का म्हटलं? कॉलेजच्या प्रदर्शनात 'कॅमेरा खोटं बोलत नाही' ही पाटी मीच रंगवली होती. कॅमेरा बोललाही नाही. मी बोलले.
आई रडली. दहा महिन्यांत पहिल्यांदा. मग दोन भाकरी जेवली.

२३ एप्रिल
शेजारच्या बाया फोटो बघायला येतात. वारा कसा होता ते आई त्यांना सांगते, जशी काही तीच तिथे होती. आता ती झोपते. खोटं सांगून मी तिला झोप दिली, असं दोन दिवस स्वतःला पटवून पाहिलं. पण पटलं नाही.
आज तिने ठरवलं, आप्पांच्या नावाने पितर म्हणून जेवायला सलीमचाचांनाच बसवायचं. काका भडकले. "भावकी मरी गई का?" आई म्हणाली, "शेवटली भाकर त्यानी सलीमना संगे खादी. तुमना संगे नही."
चाचा फोटो बघतील. आई त्यांना विचारणारच.

२४ एप्रिल
चाचांना फोन. म्हटलं, आईने विचारलं तर हो म्हणा.
"तेरे बाप की थाली पे बैठ के झूठ बोलूँ?" मागे मशीनचा आवाज. मग हळू, "न आऊँ क्या, बेटी?"
मी फोन ठेवून दिला. असं कधी केलं नव्हतं त्यांच्याशी.

२९ एप्रिल
चाचांना फोन केला. माफी मागितली. या म्हटलं.

३० एप्रिल, आखाजी
सकाळी सांगितलं. आई चुलीपुढे, पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर ताणलेला. मी एका दमात सगळं बोलले. ही ती बार्ज नाही. ती कापून टाकली, कापणाऱ्यांत चाचाही होते. जागा कुणालाच दाखवता येत नाही. मी खोटं बोलले.
तिने मांडा खापरावर टाकला. भाजला. घडी घातली. पुढचा गोळा घेतला.
"मंग हाई कोनी शे?"
कुणाची ते माहीत नाही म्हटलं.
तिने तोही मांडा ताणला, भाजला. खरबूज, आंबे, सांजोऱ्या ताटात मांडून ठेवलेल्या. घागर अजून कोरडी. काका दोनदा आत डोकावून गेले. चाचांचा फोन आला, बस साक्रीहून सुटली, आता पोचतीलच. मी त्यांना थांबवलेलं नाही.