चीज फाटलं तो आठवडा

शनिवार, ४ ऑक्टोबर

चीज फाटलं! काल, शाळेच्या फुटबॉल सामन्याच्या ऐन मध्यंतरात, अर्धं ईगल पास गाव रांगेत उभं असताना. वर तेलाचा तवंग, खाली वाळूसारखी कणी.

शाळेच्या मैदानावरचा चीज ओतलेल्या नाचोचा स्टॉल बॅण्डमधल्या मुलांच्या पालकमंडळाचा, पण पळी सासूबाईंची — हॉर्टेन्सियाबाईंची, गावाच्या लाडक्या 'तेंचा'ची — माझ्या बायकोच्या, ग्रासिएलाच्या लहानपणापासून. मंडळाच्या अध्यक्ष डार्लाबाई गोड हसून म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी पुन्हा असं झालं तर डब्यातलंच चीज आणू हं, तेंचा. तुम्हालाही आराम."

आराम! सासूबाईंनी पळी पुसली ती तलवार पुसावी तशी.

सोमवार, ६

सासूबाईंच्या मते शनिवारी दोष गॅसचा होता. काल दुधाचा. आज माझी पाळी — "जावईबापू, टक लावून बघत होतात. तुमचीच नजर लागली."

मंगळवार, ७

खरं शास्त्र असं. नुसतं चेडर तापवलं की त्यातलं तूप आणि पाणी काडीमोड घेतात. दुधात लिंबाच्या आंबटाचं एक मीठ चिमूटभर विरघळवलं की दोघांचा समास होतो. मग मंद आच, किसलेलं चीज मूठमूठ. हालापेन्यो मिरच्यांच्या बरणीतलं आंबट पाणी अगदी शेवटी, पळीभर, एकदाच. जास्त झालं की समास सुटलाच.

पेपरातल्या माझ्या लेखासाठी वाचलेलं हे सगळं सासूबाईंना ऐकवलं.

"हे मी तुमच्या बायकोला पाळण्यात घालून करत होते. तुमचं संस्कृत तुमच्या पेपरात ठेवा."

बुधवार, ८

त्यांच्या घरी रंगीत तालीम. मीठ विरघळलं, चीज रेशमासारखं. सासूबाईंनी बरणीतलं पाणी ओतलं. गाणं गुणगुणल्या. पुन्हा ओतलं. मग तिसऱ्यांदा हात बरणीकडे —

"आई, आत्ताच घातलंत ना?" मी विचारलं.

"मी? कधी?"

पातेल्यात वाळू. त्या पातेल्याकडे बघत राहिल्या, मी त्यांच्याकडे.

ग्रासिएला आत आली. "काय झालं?"

"तुझ्या नवऱ्यानं बडबडून घोळ घातला," सासूबाई म्हणाल्या.

मी मान डोलावली.

गुरुवार, ९

ग्रासिएलाला सांगायला हवं. सांगितलं नाही.

शुक्रवार, १०

सामन्याला बरणी मी माझ्याच हातात ठेवली. सासूबाईंनी मागितली तेव्हा पळीभर ओतून झाकण लावलं. थोड्या वेळानं पुन्हा मागितली.

"संपलं, आई."

बरणी अर्धी भरलेली, दोघांनाही दिसत होती! असं बघितलं त्यांनी, की मी बरणी पाठीमागे घेतली.

पण चीज लकाकलं. डार्लाबाईंनी दोनदा घेतलं, डब्याचं अवाक्षर काढलं नाही. हाच विजय. पळी सासूबाईंचीच राहिली.

रविवार, १२

सकाळी सासूबाई एकट्याच आल्या. "बुधवारी मी मुद्दाम दोनदा ओतलं. तुमचं लक्ष आहे का ते बघत होते."

"वाटलंच मला."

"पास झालात," म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या. तिथेच थांबल्या, माझ्याकडे पाठ करून.

"ते मिरचीचं पाणी — आधी घालतात, की शेवटी?"