कापशीच्या गळ्यातलं लोढणं

हैद्राबाद
३ मार्च २०२४

चि. रंजीतास पत्रूचा सेवा जोहार. वि. वि.

मायले सांग, मी चांगला आहो. बोलणी खायच्या आधीच सांगतो, काम बदललं. हाटेल झालं, बंगल्याचं गेट झालं, आता कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात आहो. फरशी पुसतो, सुई देताना कुत्रं धरतो. आपल्या टोल्याच्या वस्तीत टावर असता तर फोनच केला असता.

बंगल्याची मॅडम परदेशी गेली तेव्हा तिची कापशी मी दिवाळीले मायजवळ आणून सोडली. वाटलं, एवढीशी पांढरी कुत्री, तिले काय दुखणं? पण असल्या बारक्या पामेरियनची इथी रोज लाईन लागते. कोणाचे दात सडले, कोणाची गुडघ्याची वाटी सरकली, तीन पायावर उड्या मारते, कोणी बदकासारखं खोकलते. कापशीले काय चारता, कशानं बांधता, समदं लिव.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझा भाऊ
पत्रू

ता. आरमोरी
१२ मार्च २०२४

ती. पत्रूभाऊस सेवा जोहार. सा. न. वि. वि.

भाऊ, तुझं 'बदक' वाचलं अन् मी थांबलीच. कापशी पंधरा दिवसांपासून तशीच खोकलते. माय म्हणाली, याले तिथून ऐकू येते काय?

आता खरं लिहिते, रागवू नको. बिबट्यानं कोलूकाकाचं कुत्रं अंगणातून उचललं. कापशी तर सरड्यामागं थेट जंगलात घुसते. म्हणून हुंदड्या गाईच्या गळ्यात ओंडका बांधतो ना, तसं मायनं सागाचं बारकं लोढणं तिच्या गळ्यात बांधलं. ते पायात येते, मग पळता येत नाई. माय म्हणते, काढलं तर बिबट नेईल, ठेवलं तर नुसती खोकलेल. अन् खरं लोढणं पत्रूले पायजे होतं, हेही लिही म्हणाली.

खायला भात अन् मटणाचा रस्सा. गोल झाली आहे. पण काल खोकलता खोकलता तिची जीभ निळी पडली. माय तिले मांडीवर घेऊन बसली, जेवली नाई. लवकर लिही.

लोभ आहेच, तो कमी करू नको.
तुझी
रंजीता

हैद्राबाद
१९ मार्च २०२४

चि. रंजूस वि. वि.

पहिले लोढणं काढ, मग पुढचं वाच.

काढलं? आता ऐक. डाक्टरनं मले फोटो दाखवला. असल्या कुत्र्यांची श्वासाची नळी आतून नरम असते. गळ्यावर वजन आलं का पाण्याच्या पायपावर पाय पडल्यासारखी चपटी होते. पट्टा गळ्याले नाई, छातीले बांधायचा. रस्सा बंद, जाड होऊ द्यायची नाई. उन्हात पळवू नका, थोडं चालली का बसू द्या. अन् आरमोरीच्या जनावराच्या डाक्टरले एकदा दाखवाच.

मायले म्हण, चूक माझी. तिनं बिबट ओळखला, कुत्री कशी जपाची ते मीच न सांगता सोडून गेलो. राखणं होत नसन तर मी न्याले येतो. खोलीमालक कुत्रं ठेवू देत नाई, मंग दुसरी खोली पाहीन. खोल्या बदलवाची मले सवय आहे.

काळजीत आहो, उत्तर धाड.
पत्रू

ता. आरमोरी
५ एप्रिल २०२४

ती. पत्रूभाऊस सा. न. वि. वि.

लोढणं मायनं स्वतःच्या हातानं चुलीत टाकलं. डाक्टरनं औषध दिलं. ते कडू आहे, त्यामुळं मले दोनदा चावली, पण खोकला आता दिवसातून एखाद्या वेळी.

बिबट्याचं विचारशील. मायनं जुन्या लुगड्याचा छातीपट्टा शिवला अन् दोरीचं दुसरं टोक आपल्या कमरेले बांधलं. म्हणते, आता नेईल तर दोघींले नेईल. मोहफुलं वेचाले अशाच जातात. चार झाडं झाली का कापशी बसते. तू लिहिलं आहे, बसू द्या, म्हणून माय ओढत नाई. तीही बसते. पहिले कुरकुरली, टोपली भरत नाई म्हणे. काल पाहिलं, मोहाखाली पाय लांब करून बसली होती. माय अन् भरदिवसा बसली, मी जन्मात पाहिलं नव्हतं. मले पाहून म्हणाली, मी नाई बसली, हिनं बसवलं.

तू न्याले येतो हे वाचून दाखवलं तर मायनं कमरेची गाठ तेवढी आवळली.

आठवण ठेव.
रंजीता

हैद्राबाद
१३ एप्रिल २०२४

चि. रंजूस वि. वि.

तुझं पत्र डाक्टरले वाचून दाखवलं. लय हसले. म्हणाले, नळी पुरी दुरुस्त होत नाई, पण असं जपलं तर कापशी कितीक वर्षं जगते. मी विचारलं, थोडं चाललं का बसणं, हे किती दिवस कराचं? म्हणाले, जन्मभर.

हे मायले मोठ्यानं वाचून दाखव. कापशीले न्याले येत नाई. अन् मायनं विचारलं, डाक्टरचा हा बसाचा हुकूम कोणाले आहे, तर सांग, दोरीच्या दोन्ही टोकाले.

तुम्हा तिघींचा
पत्रू